चौदावी जागा

पुणे,
१० फेब्रुवारी २००५

प्रिय कौसल्या,

सप्रेम जयभीम. परवा मी तुझ्याकडून निघालो तेव्हा तू दारात येऊन विचारलंस, की माळ्यावरच्या विंचवांच्या बरण्या तात्याच्या गाईड सरांना देऊन टाकू ना. मी ‘बघू’ म्हणालो आणि गाडी चुकेल म्हणून निघून आलो. गाडीला खरं तर वेळ होता. पण तुझे थोरले दीर, पुंजारामदादा, तुझ्या मागंच उभे होते, आणि मला जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर सांगता येत नव्हतं. फोनवरही येत नाही, कारण फोन त्यांच्याच खोलीत आहे आणि तुझ्याआधी ते उचलतात. म्हणून लिहितोय. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. ऑफिसात दिवसभर लिहितो ते वेगळं असतं. आज रजा टाकून बसलोय.

तात्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जेवलो नाही. तू आतून दोनदा ताट पाठवलंस, दोन्ही वेळा मी परत केलं. तुला वाटलं असेल, दुःखामुळं. दुःख होतंच. पण त्या दिवशी मला शिसारी आली होती आणि ती अजून गेलेली नाही. त्रिसरण-पंचशील झालं, तोवर ठीक होतं. मग भाषणं सुरू झाली. प्राचार्य पहिल्यांदा उठले आणि म्हणाले, तातेराव अत्यंत शांत स्वभावाचे होते आणि प्राणिमात्रांवर त्यांचं प्रेम होतं. त्यानंतर जो उठला त्यानं तेच म्हटलं. शांत स्वभाव, प्राणिमात्रांवर प्रेम. एकानं तर तात्याला कधी पाहिलेलंही नव्हतं, शेजाऱ्याला नाव विचारून तो उठला होता. तोही म्हणाला, शांत स्वभाव. कौसल्या, तात्या शांत होता का गं? तो माझा दाजी नंतर झाला, आधी औरंगाबादच्या होस्टेलात माझा खोलीवाला होता. मेसवाल्याला तो भर पंगतीत विचारायचा, ‘मामा, ही आमटी हाय का नुसती पाण्याला लांबून डाळ दाखवलीय?’ आणि प्राण्यांवर प्रेम म्हणशील तर अंतरवाली सराटीच्या बांधांवरचे किती विंचू त्यानं स्पिरिटमध्ये बुडवले असतील. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला होता, ‘मला इंचू बिलकुल आवडत न्हाई. पण त्याच्या नांगीत काय हाय ते कळल्याबिगर मला चैन पडत न्हाई.’ हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या माणसानं सांगितलं तेच शेवटच्यापर्यंत गेलं.

मला त्याची जास्त चीड यायचं कारण म्हणजे माझं पोट याच रोगावर चालतं. मी पुण्यात नक्की काय करतो ते तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मीही ‘कंप्युटरवर काम’ एवढंच सांगत आलो. आज नीट सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल. प्रत्येक जिवाच्या शरीरात प्रोटीनं असतात. प्रोटीन म्हणजे मण्यांच्या माळेसारखी एक साखळी. मणी वीस प्रकारचे, कुठल्या जागी कुठला मणी येतो त्यावर ते प्रोटीन काय काम करणार ते ठरतं. जगात कुणी नवी साखळी शोधली की ती एका मोठ्या डेटाबँकेत जमा होते. पण नुसती साखळी जमा करून उपयोग नसतो. ती कुठल्या प्राण्याची, शरीराच्या कुठल्या भागात सापडली, काय करते, हे कुणीतरी पेपर वाचून तिच्याखाली लिहावं लागतं. त्याला आम्ही टिपण म्हणतो. ते लिहिणारा मी. आमच्याकडं पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, की प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे कुणी पाहिलं? प्रयोगात पाहिलं असेल तर तसं लिहायचं. दुसऱ्या एखाद्या प्रोटीनसारखं दिसतं म्हणून अंदाज केला असेल तर ‘साम्यावरून’ असं लिहायचं. काहीच माहीत नसेल तर काहीच माहीत नाही असं लिहायचं, त्यात कमीपणा नसतो. आणि एकदा नोंदीला नंबर पडला की तो कायमचा. नोंद दुसऱ्या नोंदीत मिसळली तरी जुना नंबर आत राहतो, तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

ऐकायला चांगलं वाटतं ना? मलाही वाटायचं. आता आमच्या साहेबांना रोज अमुक इतक्या नोंदी हव्या असतात. मग पोरं काय करतात, तर शेजारच्या नोंदीतलं टिपण उचलून आपल्या नोंदीखाली चिकटवतात, आणि ‘साम्यावरून’ हा शब्द तेवढा गाळतात, कारण तो शब्द दिसला की साहेब पुरावा विचारतात. मागच्या वर्षी मला हरभऱ्याच्या दाण्यातलं एक प्रोटीन सापडलं, त्याच्याखाली लिहिलं होतं, मेंदूत आढळते. हरभऱ्याच्या मेंदूत! उंदराच्या नोंदीवरून उचललेलं. मी हसलो आणि मग त्याच्या मागं मागं गेलो, तर तेच वाक्य तुरीच्या, मुगाच्या, भुईमुगाच्या नोंदींत गेलेलं. मी दुरुस्त्या करून साहेबांकडं नेल्या. ते म्हणाले, सर्जेराव, नव्या नोंदी किती झाल्या ते सांगा. त्या दिवसापासून मला त्या खुर्चीवर बसताना कपडे मळल्यासारखं वाटतं.

तात्याची नोंद मात्र चांगल्या काळातली. तुला आठवत असेल, लग्नानंतर पहिली तीन-चार वर्षं तुमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तिखट-मिठाच्या डब्यांशेजारी त्या बरण्या असायच्या. तू आईकडं येऊन रडली होतीस, की माणूस चांगलाय पण घरात इंचू पाळून राह्यलाय. आई म्हणाली होती, ‘मेलेलेच हायेत ना? मंग कशाला भेती?’ नंतर तूच त्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लिहायला लागलीस, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःला लागायचं नाही. पदर नाकाला लावून, शिसपेन्सिलीनं, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गाव, बांध, तारीख. त्या विंचवांच्या विषातून त्यानं एक छोटं प्रोटीन वेगळं काढलं. अंबडच्या कॉलेजात फ्रिजसुद्धा धड नव्हता, बर्फ तो बाजारातून गोणपाटात गुंडाळून आणायचा. साखळी वाचायचं मशीन मोठ्या संस्थेत होतं, तिथं त्याच्या पीएच.डी.च्या गाईडची ओळख होती. एकतीस मण्यांची साखळी निघाली. पेपर छापून आला, तात्याचं नाव पहिलं, गाईडचं शेवटी. डेटाबँकेत नोंद झाली. मी तिचा प्रिंट घेऊन अंबडला आलो होतो तेव्हा तू त्यात त्याचं नाव शोधत बसलीस, आणि सापडल्यावर म्हणालीस, ‘एवढंसंच? एवढ्यासाठी माझ्या फळीवर इंचू?’ तात्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसरा एक पेपर आला. कोकणातले लाल विंचू घेऊन त्यांच्या जनुकावरून तीच साखळी काढलेली. सगळे मणी जुळले, फक्त चौदाव्या जागी तात्यानं लायसिन नावाचा मणी लिहिला होता आणि यांना आर्जिनिन सापडलं. असा फरक आला की आम्हाला दोनपैकी एक शब्द लिहावा लागतो. दोन्ही खरे आहेत, एका भागातल्या जिवात एक मणी असतो आणि दुसऱ्या भागातल्या जिवात दुसरा, असा पुरावा असेल तर लिहायचं व्हेरिएंट. पुरावा नसेल तर लिहायचं कॉन्फ्लिक्ट. ‘चूक’ असा शब्द आम्ही कुठंच लिहीत नाही, पण कॉन्फ्लिक्ट आणि पुढं संदर्भ क्रमांक आला की जगात कुणीही वाचताना समजतो, की या माणसाच्या हातून काहीतरी बिघडलं होतं. त्या नव्या पेपरात एक वाक्य होतं, की आधीच्या नोंदीतला फरक नमुना शुद्ध करताना झालेल्या हलगर्जीमुळं असावा. आणि त्या पेपरावर शेवटचं नाव कुणाचं, तर तात्याच्याच गाईडचं. दहा वर्षांपूर्वीच्या पेपरावरही त्यांचंच नाव शेवटी होतं. आपलं नाव असलेल्या कामाला माणूस हलगर्जी म्हणतो, कारण हात दुसऱ्याचे होते. त्यांचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. लिहायला गेलो की पेन थांबतं.

नोंद माझ्याकडंच आली होती. मी साहेबांना सांगितलं की हा माझा दाजी आहे, मी हात लावणार नाही. ती माझ्यासारखंच टिपणं लिहिणाऱ्या उषा मॅडमकडं गेली. त्यांनी दोन्ही नोंदी मिसळल्या आणि कॉन्फ्लिक्ट लिहिलं. मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, ‘सर, पेपरात लिहिलंय. मी माझ्या मनानं काय लिहू?’ त्यांचं बरोबर होतं. पेपरात नाही ते लिहायचं नाही, हाच तर नियम. म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही.

तात्यानं ते जालन्याच्या सायबर कॅफेत पाहिलं. तुला तो बोलला नसणार, कारण मला फोन त्यानं बाहेरच्या बूथवरून केला होता. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, ‘सर्जा, चौदाव्या जागेचं पाह्यलं मी. मी चुकलो असंल तर राहू दे, मला काही न्हाई. पण मी तीनदा करून पाह्यलंय, मी चुकलेलो न्हाई. आपल्याकडचा इंचूच तसा हाय.’ मी म्हणालो, मी बोलतो साहेबांशी. तर ओरडला, ‘बिलकुल न्हाई! मेव्हणा हाय म्हणून पुसलं असं झालं तर मंग मी कशाचा राह्यलो? पुराव्यानं पुसता येत असंल तर पूस.’ त्यानंतर तो सुटीच्या दिवशी परत बांधांवर जायला लागला हे तू मला सांगितलं होतंस. आता दगडांखाली विंचू पूर्वीसारखे सापडत नाहीत म्हणून चिडायचा, असंही म्हणाली होतीस. तो कशासाठी जात होता ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण त्यानं सांगू नको म्हटलं होतं. आता तोच नाही.

आणि आता पुण्यानुमोदनाच्या दिवसाचं. भाषणात गाईड सर काय म्हणाले ते तू ऐकलंस. मेहनती विद्यार्थी, शांत स्वभाव वगैरे. डोळ्याला रुमालही लावला. जेवणं झाल्यावर ते नळापाशी हात धूत होते, मला बघून त्यांनी ओल्याच हातानं माझा खांदा धरला. म्हणाले, ‘सर्जेराव, तुमच्या मेहुण्याच्या नमुन्यांत दम आहे हो. आमच्या लॅबमधल्या मुलींनी अंबडकडचे दोन विंचू तपासले, चौदाव्या जागी लायसिनच येतंय.’ मी म्हणालो, म्हणजे तात्या बरोबर होता. त्यांनी दातातलं काहीतरी जिभेनं काढलं आणि म्हणाले, ‘असेल. पण त्याला सिद्ध कुठं करता आलं? आता दोन नमुन्यांवर कुणी पेपर घेत नाही. त्याच्या जुन्या बरण्या मिळाल्या की काम होईल. नवा व्हेरिएंट म्हणून टाकू. आभारात त्याचं नाव घालूच की. तुमच्या ऑफिसात आलं की जरा जल्दी करा.’ मग त्यांना वाटलं असावं की मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोललं पाहिजे. म्हणाले, ‘तुमच्या लोकांत मेहनत फार, हे मी नेहमी सांगतो. फक्त डोकं शेवटपर्यंत लावायला कुणीतरी लागतं.’ आणि माझ्या पांढऱ्या शर्टाला हात पुसल्यासारखे करून ते पान खायला गेले. त्या शर्टावर काही डाग नव्हता, पण घरी येऊन मी तो दोन वेळा धुतला.

कौसल्या, विंचवांची किळस तुला आयुष्यभर आली. मला कधी आली नाही, आता तर मुळीच येणार नाही.

पुंजारामदादांवरही मी रागावलो होतो, पण गाडीत बसल्यावर विचार केला. कॉलेजात अनुकंपेवर तुला घ्यायचं ठरतंय, प्रयोगशाळेत परिचर म्हणून. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेत या सरांचा शब्द चालतो. दादांना वाटतं, बरण्या दिल्या की काम लवकर होईल, आणि त्यांचं चूक नाही. ते तुला म्हणाले ना, ‘ती घाण जाऊ दे घरातून, त्या बदल्यात पोटाचं होतंय.’ तुझ्या जागी मी असतो तर मलाही नाही म्हणता आलं नसतं. म्हणून मी तुला हे सांगणार नाही, की बरण्या देऊ नकोस. तू नोकरी सोडून भावाच्या संतापासाठी भांडण घेतलंस तर ते तात्यालाही आवडलं नसतं. तुझी नोकरी झालीच पाहिजे.

पण हे पत्र मी पोस्टात न टाकता एका मुलीच्या हाती पाठवलंय, त्याचं कारण आता ऐक. ती बेबीनंदा. पिंपळगाव रेणुकाईची, विद्यापीठात संशोधन करते, तात्याची अंबडच्या कॉलेजातली विद्यार्थिनी. तिच्या मॅडमशी मी बोललोय. तात्यानं विंचू फॉर्मॅलिनमध्ये ठेवले असते तर काही हाती लागलं नसतं. स्पिरिटमध्ये ठेवलेत, त्यामुळं त्यातून जनुक अजून वाचता येतं, आणि त्याला अख्खा विंचू लागत नाही, एक पाय पुरतो. बेबीनंदाच्या पिशवीत छोट्या बाटल्या आणि चिमटा आहे. रविवारी सरांची गाडी यायच्या आत तिला बरण्या काढून दे. दादांना सांग, पुसून ठेवतोय. ती प्रत्येक विंचवाचा एक-एक पाय काढून घेईल. प्रत्येक बाटलीला तू तुझ्या हातानं चिठ्ठी लिही, बरणीत आहे तशीच, शिसपेन्सिलीनं. साखळी डेटाबँकेत जमा करायला पेपर छापून यावा लागत नाही. जागा, तारीख, कुणी गोळा केलं आणि कुणी नोंदवलं, एवढं लागतं. गोळा केलं तिथं तात्याचं नाव जाईल, नोंदवलं तिथं तुझं. नंबर पडला की कुणाला तो पुसता येणार नाही, मग चौदाव्या जागेसमोरचा तो शब्द उषा मॅडमच बदलतील, पुराव्यानं. मी तेव्हाही हात लावणार नाही. वास येईल, पदर नाकाला लाव, पूर्वी लावायचीस तसा. काम झालं की बरण्या स्वच्छ पुसून, झाकणं घट्ट लावून सरांच्या ड्रायव्हरच्या हाती दे आणि चहा पाजून पाठव. कमी काय आहे ते त्यांच्या लक्षात येणार नाही. त्यांनी आयुष्यात कधी विंचवाचे पाय मोजलेले नाहीत. ते तात्या मोजायचा.

तुझाच,
सर्जादादा